धावणाऱ्याला इनसोल लागतो का, हे कसं ठरवायचं

पाऊस ओसरला, चवथ आटोपली की पणजीत पहाटेचं चित्र बदलतं. मिरामारहून दोनापावलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कांपालच्या नदीकाठी, रायबंदरच्या जुन्या पोर्तुगीज बांधावर साडेपाचला नवे चेहरे दिसू लागतात. कुणी वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनला नाव घातलेलं असतं, कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं असतं. पहिले तीन आठवडे छान जातात. चौथ्यात कुणाची टाच धरते, कुणाची नडगी ठणकते, आणि बरोबरीने धावणारा पायाकडे बघून सांगतो, "तुझा पाय सपाट आहे, इनसोल घाल."

मीही असाच एक जोड घेतला होता. एका दुकानात मला ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळवलं, मागून मोबाइलवर चित्रण केलं आणि घोटा आत झुकतोय म्हणून मापाचे महागडे इनसोल बनवून दिले. तेव्हा मला काहीही दुखत नव्हतं. सहा आठवड्यांनी गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. इनसोल काढले, पंधरा दिवसांत दुखणं गेलं. त्याच वर्षी म्हापशाच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण टाचेपायी धावणं सोडायच्या बेतात होती. तिला मात्र दुकानात तयार मिळणाऱ्या साध्या इनसोलने पुन्हा रस्त्यावर आणलं. या दोन गोष्टींतला फरक मला बऱ्याच उशिरा उमगला. मी पायाच्या आकारावर इलाज केला होता, तिने दुखण्यावर. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका फरकावर उभ्या आहेत.

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं धावतो आहे, रविवारी नव्यांना बरोबर घेऊन जातो, आणि या प्रश्नावर मिळेल ते वाचलं आहे, फिजिओंना विचारलं आहे.

कशाला काय म्हणतात

बुटाच्या आत जो पातळ, सुटा निघणारा तळ असतो तो मूळचा इनसोल. त्याच्या जागी घालायला बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पहिली मऊ: जेल, सिलिकॉन किंवा फोमची गादी, जी फक्त गुबगुबीत असते. दुसरी तयार ऑर्थोटिक: टाचेला वाटीसारखा खळगा, आतल्या बाजूला कमानीखाली उंचवटा, आणि दाबलं तरी आकार न सोडणारा कडकपणा. ही बुटाच्या नंबराप्रमाणे मिळते. तिसरी तुमच्या पायाचा साचा किंवा स्कॅन घेऊन बनवलेली. औषधाच्या दुकानातली दोनशे रुपयांची जेलची गादी आणि ऑर्थोटिक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बोलताना आपण दोन्हींना इनसोलच म्हणतो आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो.

पहिली पायरी: दुखतंय का?

दुखत नसेल, तर घेऊ नका. पाय कितीही सपाट असो.

हे इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. पाय जमिनीला टेकला की घोटा किंचित आत वळतो आणि कमान जराशी खाली बसते. यालाच प्रोनेशन म्हणतात, आणि हा दोष नाही. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. एका पायात २६ हाडं आहेत आणि ती एकमेकांवर थोडी सरकून तो भार वाटून घेतात. घोटा अजिबात वळला नाही, तर उलट काळजीचं कारण.

डेन्मार्कमध्ये नव्याने धावू लागलेल्या ९२७ जणांना एकाच प्रकारचे साधे, न्यूट्रल (आतल्या बाजूला वेगळा टेकू नसलेले) बूट देऊन वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आत वळणाऱ्या पायांना साध्या पायांपेक्षा जास्त दुखापती झाल्या नाहीत. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात प्रशिक्षणार्थींच्या तळव्याचा आकार बघून त्यांना बूट दिले गेले. ज्यांना आकार न बघता बूट दिले, त्यांच्यात आणि यांच्यात दुखापतींचा म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

सपाट पाय म्हणजे अधू पाय हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे, कारण सैन्याच्या भरतीत सपाट पायाच्या मुलांना परत पाठवत आले आहेत. पण दक्षिण भारतातल्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले गेले (१९९२ साली प्रसिद्ध), तेव्हा सपाट पायाचा संबंध बुटांशी दिसला. बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. अंगणात, शेतात, वाळूत पायाने केलेलं काम कमान घडवत असावं असं यावरून वाटतं.

घरी ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवून ठसा जरूर बघा. आतली बाजू भरलेली दिसली तर पाय सपाट, अगदी बारीक पट्टी दिसली तर कमान उंच. गंमत म्हणून ठीक आहे, पण ठसा उभ्या पायाचा असतो, धावणाऱ्या पायाचा नाही. त्यावरून खरेदी करू नका.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. न दुखणाऱ्यांना ऑर्थोटिक दिल्यास पुढच्या दुखापती टळतात का, यावरच्या अनेक चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०१७ साली झालं. त्यात कडक ऑर्थोटिक घालणाऱ्यांत एकूण दुखापती २८ टक्क्यांनी आणि हाडाला बारीक तडा जाण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. मऊ गादीचा असा फायदा दिसला नाही. मात्र त्यातले बहुतेक लोक सैनिकी प्रशिक्षणातले होते: अवजड बूट, पाठीवर ओझं, अचानक वाढलेली कवायत. वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत दाखल होणाऱ्या मुलाने किंवा मुलीने हा आकडा लक्षात ठेवावा. आठवड्यात तीनदा पाच किलोमीटर धावणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

दुसरी पायरी: इथे घरचे प्रयोग नकोत

काही दुखणी इनसोलच्या प्रश्नात बसतच नाहीत. ती आधी बाजूला काढा.

एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाड दुखतंय, तिथे दाबलं की कळ येते, धावताना दुखणं वाढतच जातं, किंवा रात्री झोपेतही ठणकतं: हाडाला तडा असू शकतो. नडगी, पावलाच्या वरची लांब हाडं आणि घोट्याच्या पुढचा उंचवटा या त्याच्या नेहमीच्या जागा. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत तो दिसेलच असं नाही, म्हणून "एक्स-रे चांगला आला" एवढ्यावर पुन्हा धावायला सुटू नका.

एकाच पायाची कमान अलीकडे खाली बसली, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आहे, आणि त्या एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नाही: कमान धरून ठेवणारी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, टेंडन) जायबंदी झालेली असू शकते. इथे उशीर महागात पडतो.

चवड्यावर उभं राहिल्यावरही कमान उमटत नाही: पाय सपाट असूनही चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते, तो लवचिक सपाट पाय, आणि त्याची चिंता नको. जो तसाच सपाट राहतो तो ताठ पाय तज्ज्ञाला दाखवावा.

आणि मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. म्हणजे सकाळी कांपालला भेटणाऱ्या चार प्रौढांपैकी एकाला तो असू शकतो, आणि त्यातले कित्येक जण वजन आणि साखर उतरवण्यासाठीच धावायला आलेले असतात. मधुमेहात तळव्याची जाणीव हळूहळू कमी होते. कडक इनसोल कुठे घासतोय हे कळतच नाही, फोड येतो, फोडाची जखम होते. जाणीव तपासायची चाचणी अगदी सोपी आहे: डॉक्टर एक नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवतात आणि कळतंय का विचारतात. दोन मिनिटांचं काम. मधुमेह असेल तर ही चाचणी झाल्याशिवाय बुटात काहीही नवीन घालू नका, आणि धावून आल्यावर रोज तळवे बघा. खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा.

या सगळ्यांसाठी बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर जावं आणि रोज ज्यातून धावता ते बूट पिशवीत बरोबर न्यावेत. झिजलेला तळ बघून डॉक्टरांना बरंच कळतं.

तिसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

दुखतंय, पण वरच्यापैकी काही नाही. आता एक साधी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा: किती धावलात, कुठे धावलात, कुठे दुखलं, कधी दुखलं. शून्य ते दहामध्ये किती दुखलं तेही लिहा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलांना टाच दुखते की धावून झाल्यावर, या एका नोंदीनेच फिजिओचं अर्धं काम होतं. पहिल्या पावलांना टाचेखाली कळ येणं आणि थोडं चालल्यावर ती सैल होणं हे तळव्याच्या जाड पडद्याचं, प्लांटर फॅशियाचं दुखणं. गुडघ्याच्या वाटीभोवती, जिने उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना दुखतं ते वेगळं. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखतं ते आणखी वेगळं.

"कुठे धावलात" या रकान्याला गोव्यात विशेष अर्थ आहे. आपल्याकडे सपाट जमीन कमी आणि कलती जास्त. ओहोटीला समुद्राची वाळू घट्ट आणि जवळजवळ सपाट मिळते. भरती चढली की माणूस वर, उताराच्या वाळूत सरकतो. कोलव्याहून बाणावलीकडे धावताना समुद्र उजवीकडे असतो. उजवा पाय खाली पडतो, डावा वर, आणि वरचा पाय आत वळतो. त्याच वाटेने परत आलात तर बाजू उलटतात आणि हिशोब बराचसा जुळतो. पण जाताना वाळूतून आणि येताना रस्त्याने अशी सवय असेल तर एकाच पायावर रोज तोच ताण येत राहतो. रस्त्याच्या अगदी कडेने धावणाऱ्यांचंही तेच, कारण पाणी वाहून जावं म्हणून डांबर कडेला कललेलं असतं. पणजीच्या आल्तिन्हो टेकडीच्या उतारावरून जोरात खाली येणं गुडघ्याच्या वाटीला झेपायला वेळ लागतो. पायात दोष शोधण्याआधी रस्त्यात शोधा. दोन आठवडे रायबंदरच्या बांधावर किंवा बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर धावून बघा. ट्रॅकवर मधूनमधून दिशा बदला.

वहीत आणखी एक गोष्ट हमखास दिसते: अंतर फार झपाट्याने वाढलेलं असतं. तीन किलोमीटरवरून तीन आठवड्यांत दहा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, शिरा आणि हाडं महिने घेतात. दम लागत नाही म्हणून पाय तयार आहेत असं समजणं ही नव्या धावणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक, आणि तिच्यावर कुठलाही इनसोल उतारा नाही. अंतर निम्म्यावर आणा, दोन आठवडे तिथेच थांबा, मग हळूहळू वाढवा. माझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपला आहे.

दिवसाचे उरलेले तेवीस तासही वहीत यायला हवेत. माझी मैत्रीण रोज पाऊण तास धावायची आणि सहा तास शाळेच्या कडक फरशीवर, तळ झिजून कागदासारख्या झालेल्या चपलांत उभी असायची. टाच धावण्याने दुखते असं तिला वाटत होतं. सुट्टीच्या दिवसांत धावूनही दुखत नाही, हे वहीने दाखवलं.

चौथी पायरी: बूट

इनसोल बुटात बसतो, तेव्हा आधी बूट पाहा. किती किलोमीटर झाले? धावायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. त्यानंतर वरून नवे दिसले तरी आतला फोम मेलेला असतो. टेबलावर ठेवून मागून बघा: एका बाजूला कलंडतायत का? गोव्यातल्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गोंद सुटतो, फोम फुगतो. गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवलेले बूट तर अर्ध्या आयुष्यात संपतात.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. उभं राहून सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पुष्कळदा हे लांब बोट अंगठ्याशेजारचं असतं. आपल्याकडे चपलांत आणि अनवाणी वाढलेल्यांचे चवडे रुंद असतात, आणि बऱ्याच बुटांचा साचा अरुंद. मूळचा इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीची बाजू बाहेर ओघळत असेल तर तो बूट तुमचा नाही. त्यात ऑर्थोटिक घातलात तर आणखी जागा जाईल आणि बधिरपणा, फोड ठरलेले.

निवडायचं कसं? जो पायात घातल्याबरोबर बरा वाटतो तो. हे ऐकायला फार साधं वाटतं, पण कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात बेन्नो निग यांनी आयुष्यभर बूट आणि इनसोलवर काम केलं आणि ते याच मताला आले. शरीर आपल्याला सोयीची वाट ओळखतं, असं ते मांडतात. २००१ साली त्यांच्या गटाने सैनिकांना सहा प्रकारच्या इनसोलांतून स्वतःला आरामदायी वाटेल तो निवडायला दिला. निवडलेले घालणाऱ्यांत दुखापती कमी झाल्या, आणि सगळ्यांची निवड एक नव्हती. माझ्या मापाच्या इनसोलाने मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. "सवय होईल" म्हणून मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

पाचवी पायरी: तळवा आणि पोटरी

ऑर्थोटिक कमानीला खालून टेकू देतो. तोच टेकू आतून स्नायू देतात, आणि फुकट देतात. एका पायावर उभं राहून भिंतीला नुसतं बोट टेकवा आणि टाच पूर्ण उचलून खाली आणा, असं किती वेळा जमतं ते मोजा. वीसच्या पुढे गेलात तर चांगलं. दहाच्या आत थांबलात तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा बुटात नसून पोटरीत आहे.

टाचदुखीवर एक व्यायाम मी सगळ्यांना सांगतो. घराच्या चिऱ्याच्या पायरीवर चवडा ठेवा, टाच हवेत. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे बोटं वर वळतात आणि तळव्याचा पडदा ताणला जातो. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला बारा-बारा वेळा तीनदा. सोपं वाटलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर हा प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हे करणाऱ्यांना बराच जास्त आराम होता. त्या चाचणीत दोन्ही गटांना टाचेखाली गादी दिलेली होती, म्हणजे व्यायाम आणि इनसोल यांत वैर नाही.

दुसरा व्यायाम बसल्या जागी होतो. पाय जमिनीवर सपाट, बोटं न आवळता चवड्याचा मऊ भाग टाचेकडे ओढा. कमान जराशी उचलली जाईल. पाच सेकंद धरा, दहा वेळा करा. पहिले काही दिवस काहीच हलत नाही, पाय ऐकत नाही. आठवड्याभरात जमायला लागतं, मग उभं राहून, मग एका पायावर करा. ब्राझीलमध्ये ११८ धावपटूंवर वर्षभर प्रयोग झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. पावलांचे असे व्यायाम न करणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता करणाऱ्यांपेक्षा सुमारे २.४ पट निघाली.

या पायरीला सहा ते आठ आठवडे द्या. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल, तर थोडं धावत राहायला हरकत नाही.

सहावी पायरी: स्वस्तातली चाचणी

दुखणं अजून आहे, किंवा इतकं आहे की व्यायामही नीट होत नाही. आता इनसोलची वेळ आली. ज्यांवर त्याचा उपयोग दिसला आहे अशी दुखणी मोजकी आहेत: टाचेखालचं दुखणं, गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं, घोट्याच्या आतल्या शिरेवरचा ताण आणि, चवड्याखाली पॅड लावून, चवड्याचं दुखणं. कंबर, मांडी, नितंब यांच्यासाठी कुणी विकत असेल तर थांबा.

खर्चाआधी दोन चाचण्या करून घ्या. एक, फिजिओकडून कमानीला चिकटपट्टी बांधून घ्या आणि ज्याने दुखतं ते काम दोन-तीन दिवस करा. पट्टीने लक्षणीय आराम पडला तर ऑर्थोटिकने पडायची आशा आहे. काहीच फरक नसेल तर पैसे वाचले. दोन, गुडघ्यासाठी: पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरा आणि दुखायला लागेपर्यंत किती वेळा जमतं ते मोजा. मग बुटात तयार ऑर्थोटिक घालून लगेच पुन्हा मोजा. पाचचे बारा झाले तर तो तुमच्या कामाचा. पाचचे सहा झाले तर परत करा. चांगला फिजिओ आपल्याकडचे दोन-तीन जोड घालून हे करून दाखवतो.

आता सर्वांत महत्त्वाची माहिती. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, २००६ साली प्रसिद्ध झाली. तिसऱ्या महिन्याला ऑर्थोटिकचा थोडा फायदा दिसला, आणि मापाचा व तयार यांत फरक दिसला नाही. वर्षअखेर नुसती नावाची पातळ पट्टी घालणारेही तितकेच बरे होते. गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्यावर २००८ साली १७९ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांना ऑर्थोटिक सपाट पट्टीपेक्षा सरस ठरला, पण फिजिओथेरपीइतकाच. वर्षाने सगळेच सुधारले होते. म्हणजे इनसोलचं काम पहिले काही आठवडे सुसह्य करणं. घर रंगवताना परांची बांधतो, तसा.

म्हणून पहिला जोड तयारच घ्या. अंगठ्याने कमानीचा भाग दाबा: पूर्ण सपाट झाला तर तो गादी आहे, ऑर्थोटिक नाही. दगडासारखा असेल तर धावायला नको. बुटातला मूळ इनसोल काढून मगच बसवा, एकावर एक घालू नका, नाहीतर टाच वर येऊन बुटातून निसटते. उंचवटा कमानीच्या मध्यावर यावा, टाचेच्या लगेच पुढे टोचू नये. आणि बुटालाच आतल्या बाजूला कडक फोम असेल तर त्यात ऑर्थोटिक घालणं म्हणजे एकाच बाजूला दोन टेकू. साधा न्यूट्रल बूट घ्या.

सातवी पायरी: मापाचा कधी?

तयार जोडाने आराम पडतो पण बसत नाही, असं असेल तेव्हा. पायाचा आकार खरोखर वेगळा असेल, ताठ सपाट पाय असेल, फार उंच कमान असेल, जुनं फ्रॅक्चर किंवा संधिवात असेल, दोन पायांच्या लांबीत डॉक्टरांनी मोजलेला फरक असेल, मधुमेहात जाणीव गेलेली असेल. एवढीच यादी.

तो कुणाकडून करून घ्यायचा? आपल्याकडे पायाचे वेगळे डॉक्टर विरळा. हे काम शिकलेली मंडळी म्हणजे प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा, संकोच करू नका. मग तीन प्रश्न विचारा. माझ्या कुठल्या दुखण्यासाठी हा बनवताय? किती आठवड्यांत फरक दिसायला हवा? नाही दिसला तर घासून, उंची बदलून देणार का, आणि त्याचे वेगळे पैसे? "तुमचा पाय सपाट आहे" एवढंच उत्तर मिळालं तर उठा. पडद्यावर लाल-पिवळी रंगीत पावलं दाखवणारं यंत्र उभ्या पायाचा दाब दाखवतं, दुखण्याचं कारण दाखवत नाही.

आठवी पायरी: सवय लावणं, आणि सोडणं

पहिल्या दिवशी घरात तासभर. दुसऱ्या दिवशी दोन तास. आठवड्याभरात दिवसभर चालण्यापर्यंत या. दुसऱ्या आठवड्यात छोट्या धावण्याचा पहिला एक-तृतीयांश भाग त्यावर धावा, मग पूर्ण. पोटरी थोडी जड वाटेल, ते चालेल. नवीन जागी दुखायला लागलं, बोटं बधिर झाली, तळव्याला फोड आला, तर काढा आणि दाखवा. शर्यतीच्या दिवशी नवा जोड कधीच नको. २०१९ साली मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) झाली, तेव्हा सायकलवरून उतरून २१.१ किलोमीटर धावणाऱ्यांकडे मी बघत उभा होतो. दमलेल्या, घामाने भिजलेल्या पायाला छोटीशी घडीसुद्धा सहन होत नाही.

पावसाळ्यात दर धावण्यानंतर जोड बुटाबाहेर काढा, साध्या पाण्याने पुसा, पंख्याखाली वाळवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलात तर आकार जातो. ओला इनसोल घालून धावल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि मग टाचेचं राहतं बाजूला.

तीन महिन्यांनी वही उघडा. दुखणं गेलं असेल, टाचा वीस वेळा उचलता येत असतील, तर आठवड्यातलं सर्वांत छोटं धावणं इनसोलशिवाय करा. दोन आठवडे निभावलं तर दुसरंही. लांब पल्ल्याचं धावणं शेवटी. मैत्रिणीला यात पाच महिने गेले. मधेच एकदा टाच पुन्हा कुरकुरली, तेव्हा ती एक पायरी मागे गेली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा निघाली. ज्यांचा पाय ताठ आहे, सांधे झिजलेले आहेत किंवा तळव्याची जाणीव गेली आहे, त्यांनी सोडायची घाई करू नये. त्यांना तो कायमचा लागू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मुलांचं विचारणारे आईबाप दर रविवारी भेटतात, म्हणून एवढं. मूल पळतंय, दुखत नाही म्हणतंय, चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते: त्याला इनसोल नको. संध्याकाळी चपला काढून ओहोटीच्या वाळूत पळू द्या. शिंपल्यांवर आणि काचांवर लक्ष ठेवा.